पाठीवरचे बावीस

"पाठ तर अगदी कोरी झालीय हो तुमची!" असं डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या आणि सावळीराम ताजनपुरे यांचा चेहरा उतरला. खरं तर अशा वेळी माणसानं देवाला हात जोडायचे, डॉक्टरांना पेढे द्यायचे. पण सावळीराम उघड्या अंगानं स्टुलावर बसले होते, मांडीवर शर्ट होता, शर्टावर गुलाबी फाइल होती, आणि त्या फाइलमधल्या तक्त्यावर, त्याच सकाळच्या रकान्यात, 'पाठ' या शब्दाखाली त्यांच्या बायकोच्या गोल अक्षरात 'बावीस' असं लिहिलेलं होतं. पुढं सही, छाया. "कोरी म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. "कोरी म्हणजे कोरी. शून्य." "एखादा कमरेजवळ..." "एकही नाही, काका. आणि हे काल-परवाचं नाही बरं का. असे डाग एका रात्रीत जात नाहीत. दीड-दोन महिने तरी झाले असतील. घरी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" आणि मग डॉक्टरांनी फाइल उघडली. बोट वरून खाली फिरलं, थांबलं, पुन्हा वर गेलं. "अहो, इथं तर बावीस, तेवीस, बावीस, चोवीस... हे मोजतं कोण?" सावळीरामांनी आयुष्यात कुणाची चूक पोटात घातली नव्हती. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नपत्रिकेतला एक वाकडा कंस त्यांनी मांडवात, अक्षता हातात असताना दाखवला होता. तेच सावळीराम क्षणाचाही वेळ न घालवता म्हणाले, "चष्मा बदलायचाय तिचा. मी म्हणतोच आहे." "बरं झालं मी शर्ट काढायला लावला," डॉक्टर म्हणाल्या, "नुसता तक्ता वाचला असता तर गोळी वाढवली असती मी. असो. आता तक्ता बंद करा. गोळी रोजची रोज चालू ठेवायची, उन्हाला जपायचं, पण मोजायचं काही उरलेलं नाही. सहा महिन्यांनी या." सावळीरामांनी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली आणि ते कॉलेज रोडच्या उन्हात बाहेर पडले. फाइलमध्ये सात कोरे तक्ते उरले होते. डॉक्टरांनी ते परत मागितले नाहीत.

ह्याच खोलीत, ह्याच स्टुलावर, गेल्या दिवाळीनंतर ते पहिल्यांदा बसले होते. तीन वर्षं अंगावर तांबूस डाग उगवत होते, मसुराच्या डाळीएवढे. आधी कुणी नायटा म्हणालं, कुणी रक्तदोष म्हणालं. शेजारच्या नवसाबाईंनी कडुलिंबाच्या पाल्यात अंघोळ सुचवली, ती केल्यावर ते दोन तास उकडलेल्या बिटासारखे लाल होऊन पंख्याखाली पडले होते. डॉक्टर तबस्सुमनी मात्र काही विचारलं नाही. पेनचं टोपण उलटं धरून हातावरच्या एका डागावर पाच-सहा वेळा घासलं आणि घड्याळाकडं बघत बसल्या. डाग बघता बघता तेलातल्या पुरीसारखा फुगला. "आला!" डॉक्टर जवळजवळ ओरडल्याच. मग त्यांनी शिकाऊ डॉक्टरणींना आत बोलावलं, चौघी जणी गोल करून उभ्या राहिल्या, प्रत्येकीनं एकेक डाग घासून बघितला, आणि सावळीराम तिथं खाज सोसत आणि काहीसे फुगत बसून राहिले. आजाराचं नाव मास्टोसायटोसिस. लाखात एखाद्याला होतो, असं डॉक्टर म्हणाल्या. कातडीखाली राखणदार पेशी असतात, काही वावगं आत शिरलं की त्या बोंब ठोकतात. सावळीरामांच्या अंगात ह्या राखणदारांची भरती नको तितकी झाली होती आणि ते विनाकारण बोंबलत होते. टॉवेल घासला की बोंब, गरम पाणी की बोंब, तिखट खाल्लं की बोंब, राग आला तर कहरच. नाशिक रोडला, जिथं दर दुसऱ्या घरात कुणी ना कुणी नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये, तिथं तीनदा परीक्षा देऊनही सावळीराम त्या प्रेसमध्ये लागू शकले नव्हते. सातपूरला एका खासगी छापखान्यात औषधांच्या खोक्यांचे ताव तपासत त्यांनी एकतीस वर्षं काढली. कुणी विचारलं की "प्रेसमध्ये असतो" एवढंच सांगायचं आणि विषय बदलायचा. अशा माणसाला सत्तावन्नाव्या वर्षी 'लाखात एक' हे शब्द ऐकायला मिळाले. रक्त तपासलं, हाडातला मगज तपासला. मग एक नवी गोळी सुरू झाली, रोज एक, उपाशीपोटी. कुठल्याशा योजनेतून ती फुकट मिळत होती आणि तिची अट एकच होती. डाग रोज मोजायचे आणि तक्त्यात भरायचे. पुढचे रुग्णानं, मागचे घरच्या माणसानं. प्रत्येकानं आपापल्या आकड्यापुढं सही करायची.

तक्ता बघून सावळीरामांना माहेरी आल्यासारखं वाटलं. कारण छापखान्यात हेच. टेबलाच्या एका बाजूला सावळीराम, दुसऱ्या बाजूला बद्रुद्दीन. सावळीरामांनी तावाची पुढची बाजू बघायची. शाईचा ठिपका, सरकलेला रंग, केसाएवढी रेघ काहीही सुटायचं नाही. मग ताव सरकवायचा आणि बद्रुद्दीननं पाठ बघायची. दोघांच्या सह्या झाल्या की ताव पास. ह्यात एक अलिखित नियम होता, आणि तो मोडल्यावरून माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकल्याची उदाहरणं होती. पुढची बाजू बघणाऱ्यानं ताव उलटायचा नाही. पाठ ज्याची, त्याची. ती उलटून बघणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. सव्वीस वर्षांत सावळीरामांनी बद्रुद्दीनचा एक ताव उलटला नाही. म्हणूनच घरी मोबाइलवर पाठीचा फोटो काढून बघावा, न्हाव्याच्या दुकानात दोन आरशांमध्ये उभं राहावं, असलं काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही. छायाची सही होती. विषय संपला. आता नुसता कागद असता तर ठीक होतं. पण छायाशी त्यांचं बोलणं म्हणजे अकरा वर्षं "गॅस संपलाय", "वेदिकाचा फोन होता", "पाणी उद्या येणार नाही" एवढंच होतं; वेदिका म्हणजे त्यांची लेक. भांडण असं नव्हतं. भांडण परवडलं असतं. झालं होतं असं की छायानं सहा महिने खपून मॅटीच्या कापडावर टाक्याटाक्यानं एक मोर भरला होता. कॉलनीच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात तो मधोमध टांगला होता, बायका "अगं बाई" करत होत्या. तिनं सावळीरामांना हाताला धरून तिथं नेलं. लग्नानंतर चारचौघांत तिनं त्यांचा हात धरल्याची तेवढी एकच वेळ. सावळीरामांनी मोराकडं तीन सेकंद बघितलं आणि बोट ठेवून म्हणाले, "इथं एक टाका उलटा पडलाय." तो पडला होताच! आजही ते छातीवर हात ठेवून सांगतील की पडला होता. छायानं हात सोडला. मोर ट्रंकेत गेला. त्यानंतर पोळीवरचे काळे डाग, शर्टाची दुहेरी घडी, चहातली साय, काय काय म्हणून ते दाखवत राहिले, आणि ती "हं" म्हणत राहिली.

आणि मग हा आजार आला. डॉक्टरांनी राग वर्ज्य सांगितला, तेव्हा छाया शेजारी बसली होती. ती पटकन म्हणाली, "लिहून द्या तसं." ते वाक्य कागदावर आलं, फ्रिजवर चिकटलं, आणि घरात भूकंपानंतर होते तशी शांतता झाली. पोळी करपली तरी सावळीराम डोळे मिटून घ्यायचे. सकाळी आठला कोमट पाण्याची अंघोळ, अंग टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, मग उघड्या अंगानं गॅलरीत स्टूल टाकून बसायचं. पुढचे डाग ते स्वतः भिंगातून मोजत. पाठीमागं छाया उभी राहायची आणि एकेका डागावर बोटाचं टोक टेकवत मोजायची. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. पहिल्या दिवशी एकशे चौदा. मोजताना ती गप्प राहील असं त्यांना वाटलं होतं, पण माणूस आकड्यांच्या मध्ये मध्ये काहीतरी बोलतोच. "सदतीस, अडतीस, त्या खालच्या मजल्यावरच्या चैतालीनं नोकरी सोडली म्हणे, एकोणचाळीस." "का?" "चाळीस. साहेब बरा नाही." मग हळूहळू आकडे कमी होत गेले आणि मधलं बोलणं वाढत गेलं. संक्रांतीला पाठीवर चाळीस डाग उरले आणि मोजायला पाऊण तास लागू लागला. एकदा तर "तेरा" आणि "चौदा" यांच्या मध्ये तिनं तिच्या मावशीचं सुरगाण्याचं अख्खं लग्न सांगितलं, जीप घाटात बंद पडली तिथपासून वरमाई रुसली तिथपर्यंत, आणि तेवढा वेळ तिचं बोट चौदाव्या डागावर होतं. सावळीराम हलले नव्हते. होळीच्या सुमारास पुढची बाजू साफ झाली. पाठ मात्र बावीसवर अडली. त्याचंही त्यांना नवल वाटलं नाही. छपाईत पाठ त्रास देतेच, असं ते सगळ्यांना सांगत.

शेअर रिक्षात दोन जाडजूड इसमांच्या मधे बसून सावळीराम आता पुरावे मांडू लागले. एक, डोळे. पण मॅटीवरचे दोरे मोजून मोर भरणारी बाई शून्याऐवजी बावीस बघेल? दोन, तीळ. तीळ मोजत असेल. पण पाठीला तीळ दोनच, हे आईनं सांगितलेलं. तीन, आळस. आदल्या दिवसाचा आकडा उतरवायचा आणि सही ठोकायची. ह्या विचारानं त्यांनी कानाला हात लावला, कारण तपासनिसाच्या जगात ह्याहून मोठं पाप नाही. त्यांनी तिथल्या तिथं फाइल उघडली. पण आकडा उतरवलेला नव्हता! सोमवारी बावीस, मंगळवारी एकवीस, बुधवारी पुन्हा बावीस, गुरुवारी तेवीस आणि पुढं बारीक अक्षरात शेरा, "नवा, डाव्या खांद्याखाली, फिकट". फिकट! अहो, नसलेल्या डागाला रंगसुद्धा दिला होता बाईनं. आणि मग त्यांची नजर एका रविवारावर गेली आणि त्यांच्या तोंडून "अरे!" असं निघालं, तेव्हा शेजारचा इसम दचकला. त्या रविवारी सावळीरामांनी चोरून मिसळ खाल्ली होती. काळ्या रश्श्याची, वर तर्री घेऊन. घरी येऊन "देवळात गेलो होतो" म्हणाले. पण खोटं बोललं की त्यांची मान लाल व्हायची, हा ह्या आजाराचा सगळ्यात हलकट भाग. छायानं मानेकडं बघितलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर चोवीस निघाले. त्या चोविसाच्या धसक्यानं सावळीरामांनी मिसळ सोडली होती. नाशिकमध्ये राहून सात रविवार बिनमिसळीचे! कुणासाठी, तर नसलेल्या दोन डागांसाठी. म्हणजे चार, सूड. अकरा वर्षांनी मोराचा सूड. हा मुद्दा त्यांना पटला, आणि पटल्याबरोबर इतका एकटेपणा वाटला की ते वाटेतच, द्वारका चौकात, भाडं नाशिक रोडचं ठरलं असताना, उतरले.

तिथून जवळच, वडाळा नाक्यापाशी, बद्रुद्दीनचं झेरॉक्सचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर माणसानं काहीतरी करावं म्हणून त्यानं मशीन घेतलं आणि आता दिवसभर लोकांची आधार कार्डं पालथी घालतो. "आओ, लाख में एक!" तो म्हणाला आणि त्यानं स्टूल पुढं केलं. सावळीराम बसले नाहीत. "बद्रू, एक विचारतो, खरं सांग. पाठ न बघता कधी सही केलीस?" बद्रुद्दीननं मशीनचं झाकण लावलं. "तुला कोणी सांगितलं?" "काय सांगितलं?" "मग तू असं का विचारतो?" मग बद्रुद्दीन म्हणाला, "आठ महिने. ऑपरेशनच्या आधी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता ना यार. ताव समोर आला की नुसतं दूध दिसायचं. सही करत होतो." सावळीराम पुढं केलेल्या स्टुलावर बसले. आठ महिने म्हणजे लाखभर ताव. "सांगायचं ना! दुसरं टेबल दिलं असतं तुला, पॅकिंगचं." "तेच तर!" बद्रुद्दीन म्हणाला. "पॅकिंगचं टेबल पार खाली. तिथं कोण आहे? इथं तू होता. खडूस होता, पण होता. एक वाजता डबा उघडायचास, वहिनींचा ठेचा अर्धा माझ्याकडं सरकवायचास. न बोलता. ते सोडून मी पॅकिंगला जाऊ?" सावळीराम चिडले. निदान चिडायला हवं म्हणून थांबले. मानेवर गरम मुंग्या चालून येतील, कान पेटतील, म्हणून वाट बघू लागले. काही आलं नाही. मान थंडगार. राखणदार झोपले होते. रिकाम्या मानेनं माणसाला रागावता येत नाही असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या रिकाम्या जागेत एक वेगळीच गोष्ट येऊन बसली. ते बद्रुद्दीनकडं बघत होते आणि त्यांना दिसत होतं, सकाळचं आठाचं ऊन, गॅलरीतलं स्टूल, आणि चौदाव्या डागावर थांबलेलं बोट. शून्य लिहिलं असतं तर तक्ता संपला असता. तक्ता संपला असता तर स्टूल आत गेलं असतं. "काय झालं?" बद्रुद्दीननं विचारलं. "काही नाही," सावळीराम म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. "बद्रू, ठेचा पाठवून देतो तुला." "तुला चालत नाही ना तिखट?" "मला सगळं चालतं," ते म्हणाले, आणि मग घाईनं, "पण कुणाला बोलू नकोस."

घरी पोचले तेव्हा छाया दारातच होती. पायपुसणं झटकत होती, म्हणजे रस्ता बघत होती. "एवढा उशीर? काय म्हणाल्या डॉक्टर?" तिनं हे विचारलं आणि पायपुसणं झटकायचं थांबवलं. सावळीरामांना पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. शाळेत प्रगतिपुस्तकावर स्वतःच सही केलेल्या मुलीची असते तशी. तिला माहीत होतं की आज डॉक्टर शर्ट काढायला लावतील. सकाळपासून तिला माहीत होतं, तरी तिनं बावीस लिहिलं होतं. "पुढची बाजू उत्तम म्हणाल्या," सावळीराम चपला काढत म्हणाले. "आणि पाठ?" "पाठ बघायला वेळ नव्हता त्यांना. गर्दी फार. म्हणाल्या, तुमच्या मिसेस मोजतायत ना, मग त्यांचाच आकडा धरते. तक्ता चालू ठेवा." छायाची नजर सवयीनं त्यांच्या मानेवर गेली. सावळीरामांनी मान जराशी पुढं केली, नीट बघता यावं म्हणून. तीन वर्षांत ही मान त्यांच्या एकाही थापेला जागली नव्हती. ती आज जागली. गोळी खरोखरच लागू पडली होती. "किती दिवस?" छायानं विचारलं. "सहा महिने तरी. पुढं बघू." "बटणं चुकलीत तुमची," ती म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर तिनं भांडं पाडलं आणि एकटीच हसली, ते त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आठला सावळीराम गॅलरीत बसले. खाली भाजीवाला ओरडत होता, समोरच्या गच्चीवर नवसाबाई मिरच्या वाळत घालत होत्या. नवा तक्ता मांडीवर होता. 'पुढे' या शब्दाखाली त्यांनी शून्य घातलं आणि सही केली. मग छायाचं बोट मानेखाली टेकलं. "एक." काल ही पाठ कोरी आहे हे कळल्यापासून त्यांना वाटत होतं की आता हे खोटं वाटेल, नाटक वाटेल. तसं काही झालं नाही. बोट खरं होतं. "दोन. वेदिका म्हणत होती, मे महिन्यात येते. तीन." प्रत्येक डागाची जागा तिला पाठ होती; काल जिथं सात होता तिथंच आजही सात होता, आणि आठ त्याच्या खाली, थोडा उजवीकडं. मोर भरणारी बाई ती, तिच्या टाक्यांची जागा चुकायची नाही. सावळीराम डोळे मिटून मोजत होते. अठराला तिनं सांगितलं की हरसूलच्या बाजारातून आणलेली नागली किडली. एकोणीस, वीस, एकवीस. "बावीस," ती म्हणाली आणि तिनं हात उचलला. पाठीवर ऊन तेवढं राहिलं. सावळीरामांनी पेन उघडलं, पण तक्ता पुढं केला नाही.

"कमरेजवळ, डावीकडं, एक राहिला," ते म्हणाले.

भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला. सावळीरामांनी मागं वळून बघितलं नाही. ताव उलटायचा नाही हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. "फिकट आहे," ते पुढं म्हणाले, "पटकन दिसायचा नाही. बघ नीट. घाई करू नकोस."

बऱ्याच वेळानं तिचं बोट डाव्या कमरेवर टेकलं.

"हो की," छाया म्हणाली. "हा राहिलाच होता. तेवीस."

तिनं वाकून त्यांच्या खांद्यावरून तेवीस लिहिलं आणि सही केली. सावळीरामांनी आकडा तपासला आणि म्हणाले, "बरोबर आहे."